विहिरीतलं मडकं

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा मी नगरपालिकेत झाडूवाल्या बायांची मुकादम झाले. झाले ती माझ्या गुणानं नाही. जिल्हा झाला, कलेक्टर आला, त्याच्या मागं जीपगाड्या आल्या, मंत्री येऊ लागले. मग नगरपालिकेनं चांगले झाडू, नव्या हातगाड्या आणि आमचा मुकादम हे सगळं नव्या कचेऱ्यांच्या रस्त्यावर पाठवून दिलं. जुन्या वस्तीला मोडक्या गाड्या उरल्या आणि मी उरले. तात्पुरतं बघा, असं मला सांगितलं होतं. ते तात्पुरतं मी रिटायर होईपर्यंत चाललं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर अर्धापूरकडचं. बाप दुसऱ्याच्या केळीत मजुरी करायचा, आई पण करायची. लग्न होऊन लातूरला आले. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर बसून खडी फोडली. पुढं नवरा गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो होता तेव्हाही घरात फारसा नव्हता. मग नगरपालिकेत झाडू धरला.

मुकादमाचं काम म्हणजे सकाळी लिंबाच्या झाडाखाली हजेरी घ्यायची, कोण कुठल्या गल्लीत जाणार ते सांगायचं, आणि मग दिवसभर मागं मागं हिंडून ते झालं का बघायचं. गटारं निघाली का, कचरा उचलला का, मेलेलं कुत्रं उचललं का, विहिरीत पावडर पडली का. माझ्या टोळीत बायाच जास्त. गाडीवर दोन पुरुष होते, त्यांना मुकादम बाई आहे हे पटायला वेळ लागला. पटलं नाही तरी मी काही म्हटलं नाही. काम झालं की मला बाकीच्याशी घेणं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही तो नावालाच आला होता. रस्ता झाडण्याआधी पाणी शिंपडायचं असा आमच्याकडं नियम, पण माणसांना प्यायला नाही तिथं रस्त्याला कुठून आणणार. मग आम्ही वारं बघून झाडायचो. वारं ज्या दिशेनं जातंय त्याच दिशेनं, हळू, पदर तोंडाला बांधून. तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. गटारांचं त्याहून वाईट. पाणी असलं की घाण आपली वाहत जाते. पाणी नसलं की ती जागेवर बसून राहते आणि फावड्यानं ओढावी लागते. माझ्या टोळीत देगलूरकडची एक बाई होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलताना निम्मं तेलुगू. ती गटार ओढता ओढता नव्या जिल्ह्याच्या नावानं तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची आणि बाकीच्या बाया हसायच्या. मी तिला त्याचा अर्थ कधी विचारला नाही. विचारला असता तर मुकादम म्हणून रागवावं लागलं असतं.

आमच्यावर एक स्वच्छता इन्स्पेक्टर होता. पोरगाच होता. किनवटकडचा, जंगलातल्या गावचा, लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला. आमच्यातलाच, म्हणजे बौद्ध. मला मावशी म्हणायचा. मी त्याला साहेब म्हणायचे तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून मी मुद्दाम म्हणायचे. खिशातला पेन गळायचा, सगळ्या शर्टांवर निळा डाग त्याच जागी. जेवायचा स्टँडवरच्या खानावळीत. मला तो आवडायचा. हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता.

आता त्या विहिरीचं सांगते.

जुन्या वस्तीत एक लांबट गल्ली होती, तिच्या मधोमध जुनी दगडी विहीर. विहीर आटली होती. नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच माहीत. म्हणून नगरपालिकेचा टँकर येऊन त्या विहिरीत पाणी ओतायचा आणि गल्ली तिथून शेंदायची. ते पाणी टँकरवाला कुठल्या शिवारातून भरून आणायचा, काही पत्ता नव्हता. गढूळ असायचं. उन्हाळा चढला तशी गल्लीत हगवण आणि उलट्या सुरू झाल्या. आज या घरात, उद्या त्या घरात.

विहिरीसमोर एक मोठं घर होतं. शेतकऱ्याचं घर. गावाकडं जमीन, पण पीक नाही म्हणून सगळे शहरातल्या घरी येऊन राहिले होते. मुलगा डाळीच्या मिलवर जायला लागला होता. घरात हुकूम चालायचा त्याच्या आईचा. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. उंच, हाडं मोठी, आवाज त्याहून मोठा. उंबऱ्यावर बसून ती अख्ख्या गल्लीवर नजर ठेवायची. माझ्या बायांनी तिच्या दारापुढचा कोपरा सोडला तर ती सोडायची नाही. मला 'मुकादमीणबाई' म्हणायची, ते असं की ऐकणाऱ्याला शिवीच वाटावी.

तिची सून पोटुशी होती. दिवस भरत आले होते. पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. माहेरी पाठवावी तर माहेरच्या गावाला टँकरही जात नव्हता, म्हणून ती इथंच राहिली होती. एक दिवस तिलाच उलट्या-जुलाब लागले. खाटेवर घालून दवाखान्यात नेली. सलाईन लावलं. वाचली. परत आणली तेव्हा मी विहिरीजवळच होते. पोरीचे डोळे खोल गेले होते. डॉक्टरनं अक्काला सांगून पाठवलं होतं की हिला असं पुन्हा झालं तर ना ही हाती लागेल ना मूल. पाणी जपा.

अक्कानं ते गल्लीत कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्यावर ओरडली, की तुमचं पाणी पिऊन माझी सून मरायला टेकली, नगरपालिका झोपलीय का. मी म्हटलं नगरपालिका झोपली असंल, मी जागी हाय, उद्या पावडर टाकते.

दुसऱ्या दिवशी पावडर टाकली. टीसीएलची पावडर, पाण्यातले जंतू मारायची, पांढरी, डोळ्यात पाणी आणणारी. बादलीत कालवून विहिरीत ओतली, नेहमी ओततो तशी. पाण्याला दवाखान्याच्या फरशीसारखा वास सुटला. सुनेनं एक घोट घेतला आणि सगळं ओकून टाकलं. आधीच दिवस भरलेले, त्यात आजारातून उठलेली. तिला तो वास सहन होईना. अक्का मला म्हणाली, जुलाबानं मारता येईना म्हणून आता वासानं मारताय का.

मी हे इन्स्पेक्टरला सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला की ट्रेनिंगमध्ये एक रीत दाखवली होती. नवं मडकं घ्यायचं, त्याला बुडाला भोकं पाडायची, आत खडे, मग वाळू आणि पावडर मिसळून, वर पुन्हा खडे, तोंडाला कापड, आणि दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडायचं. पावडर हळूहळू झिरपते. वास फार येत नाही आणि पाणी आठवडाभर चांगलं राहतं. मला ते पटलं. मी म्हटलं चला मडकं आणू.

कुंभारणीच्या दारात गेलो. इन्स्पेक्टरनं कोरं मडकं उचललं आणि म्हणाला, याला भोक पाडून द्या.

कुंभारीण त्याच्याकडं बघतच राहिली. "कोण गेलं?" तिनं हळूच विचारलं.

"अजून कोणी नाही," तो म्हणाला. "पुढं कोणी जाऊ नये म्हणून घेऊन राहिलो."

तिला वाटलं असणार की पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यात मी मडक्याची किंमत कमी कर म्हणून घासाघीस केली. ती माझ्याकडं अशी बघू लागली की जणू मी तिच्या दारात थुंकलेच. मडकं दिलं, पण भोकं पाडून दिली नाहीत. ती आम्ही खिळ्यानं पाडली. तोंडाला बांधायला कापड हवं होतं. जिल्हा झाला तेव्हा मोठा मांडव घातला होता, त्याच्या छताच्या पांढऱ्या कापडाचे तुकडे स्टोअरमध्ये पडून होते. इन्स्पेक्टरनं त्यातला एक फाडून आणला. नव्या जिल्ह्याचा जुन्या वस्तीला तेवढाच उपयोग.

मडकं विहिरीत मी सोडलं. विहिरीच्या काठावर उभं राहून, माझ्या हातानं. माझ्या आईला अर्धापूरकडं गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. ती खाली घागर ठेवून उभी राहायची आणि कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. मी चढले ते नगरपालिकेचं काम म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. पण दोरी घसरत होती म्हणून लक्ष दोरीकडं होतं.

दुसऱ्या सकाळी बघते तर विहिरीवर चिटपाखरू नाही. कप्पीवरची दोरी कोरडी. बाया घागरी घेऊन वस्तीच्या पलीकडं नाल्याकडं चालल्या होत्या. नाल्याच्या वाळूत कुणीतरी खड्डा उकरून झिरा काढला होता. त्याच्या वरच्या अंगाला डुकरं लोळायची. मी मागं मागं गेले. झिऱ्यावर अक्का बसली होती. वाटीनं पाणी काढून, पदरानं गाळून कळशी भरत होती. या वयात, गुडघे दुखत असताना, सुनेसाठी स्वतः आली होती.

मी म्हटलं, "अक्का, विहिरीत पाणी असताना इकडं कशाला?"

"तूच ठेवलंस की विहिरीत. तूच पी."

मला वाटलं, आलं ते. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या मी शिवलेली दोरी धुऊन घेत होत्या हे मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. भांडायचं तर उघड भांडू, म्हणून मी सरळ विचारलं, "माझ्या हातानं सोडलं म्हणून का?"

अक्कानं वाटी खाली ठेवली. "तुझ्या हाताला काय धाड भरली? टँकरमागं कोण कुणाला चिटकून उभं ऱ्हातंय ते बघत न्हाई का मी? मडकं मयताचं हाय. कोरं मडकं, त्याला भोक, वर पांढरं कापड. कुंभारीण सांगत होती, तुझ्या साहेबानं कुणी जायच्या आधीच घेऊन ठेवलंय म्हणून. माझ्या घरात पोटुशी पोरगी हाय. पहिलं गेलंय तिचं. तिला मी सरणावरचं पाणी पाजू व्हय?"

मयताच्या वेळी मुलगा खांद्यावर मडकं घेऊन सरणाभोवती फिरतो, मागून त्या मडक्याला दगडानं भोक पाडतात, पाणी गळत जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्यात ते सगळं मी पोर असतानाच सुटलं होतं. आणि इन्स्पेक्टर तर वसतिगृहात वाढलेला, त्यानं कुणाच्या मयताला जाऊन सरण कधी पाहिलंच नव्हतं. मयताच्या मडक्याची किंमत विचारत नाहीत, घासाघीस तर करतच नाहीत, हेही मला तिथं झिऱ्यावर उभं असताना आठवलं.

इन्स्पेक्टरला सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, मडकं ते मडकं. लोकांना समजावून सांगू. संध्याकाळी विहिरीवर उभा राहिला, गल्लीतल्या बायांना बोलावलं, जंतू म्हणजे काय ते सांगितलं. चांगलं सांगितलं. पण बायांची नजर मडक्याच्या दोरीवर. मग तो म्हणाला, बघा, मी पितो. पाणी शेंदलं आणि तांब्याभर प्याला. शेवटी तोंड जरा वाकडं झालंच. देगलूरची खुसखुसली.

त्याच रात्री त्याचं पोट बिघडलं. कारण स्टँडवरची शिळी वांगी. त्यानंच नंतर कबूल केलं की वांग्याला वास येत होता, पण पैसे दिले होते म्हणून खाल्ली. सकाळी तो हजेरीला आला नाही. गल्लीला कळायला किती वेळ लागणार. साहेब मयताचं पाणी प्याला आणि आडवा झाला. त्यानंतर विहिरीचं नावही कुणी घेईना.

मी त्याच्या खोलीवर साखर-मिठाचं पाणी घेऊन गेले. भिंतीकडं तोंड करून पडला होता. "मावशी, मला बदली मागावी लागते," म्हणाला. मी म्हटलं आधी हे प्या, मग बदली मागा.

माझ्या डोक्यात त्याच्या बदलीपेक्षा ती पोरगी होती. ती रोज झिऱ्याचं पाणी पीत होती. अक्का उकळून देत होती, पण सरपण कुठं होतं एवढं. चार काटक्यांवर कोमट व्हायचं आणि उकळलं म्हणायचं. मी मडक्याचं पांढरं कापड काढून टाकलं, फरक पडला नाही. मडकंच काढून बादलीनं पावडर ओतावी तर पोरगी ओकते. न टाकावी तर विहिरीचं पाणी झिऱ्याइतकंच वाईट. हजेरी घेताना मी एकीला दोनदा हाक मारली आणि एकीला मारलीच नाही.

त्या आठवड्यात गल्लीच्या टोकाला एक लग्न होतं. दुष्काळातलं लग्न, जेवायला वरण-भात आणि पाणी मागून मागून. आमचं काम लग्नानंतर सुरू होतं, पत्रावळ्या उचलायचं. मी आधीच येऊन मांडवाबाहेर गाडीवाल्यांची वाट बघत उभी होते. बाया हलगी लावून कुंभाराकडून लग्नाची मडकी घेऊन आल्या. चुन्याचे पट्टे, मध्ये गेरूचे ठिपके, गळ्याला दोरा. तीच माती, तोच कुंभार, तीच कुंभारीण मागून हळद-कुंकू घेऊन हसत येत होती. मयताच्या मडक्यात आणि यात फरक एवढाच की याला रंग होता.

पत्रावळ्या गाडीवाल्यांवर टाकून मी सरळ अक्काच्या दारात गेले.

ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. सून मागं भिंतीला टेकून. मी पायरीवर बसले. याआधी कधी बसले नव्हते. अक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि तांदूळ निवडत राहिली.

"अक्का, लग्नाचं मडकं कधी मयताला नेतात का?"

"कोण नेतंय? डोस्कं फिरलंय का तुझं."

"लग्न झाल्यावर त्याचं काय करतात?"

"घरात ठेवतात. डाळी, बी-बियाणं भरतात. फुटंस्तोवर."

"मग त्याला खालून भोक पाडलं तर ते काय होतं?"

अक्काचा हात सुपात थांबला. तिनं खूप वेळ विचार केला. ती असा विचार करू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्याशी भांडताना तिला विचार करावा लागत नसे.

"भोक पडलेलं लग्नाचं मडकं," ती शेवटी म्हणाली. आणि लगेच, "पण लग्नाचं मडकं फोडायचं न्हाई. ते चांगलं न्हाई."

"फोडायचं नाही. खिळ्यानं हळू हळू भोक करायचं. मी करते, तुमच्यासमोर."

"न्हाई म्हटलं ना."

मी उठणार होते. तेवढ्यात सून बोलली. इतके दिवस मी त्या घरासमोर ओरडून घेत होते, पण तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"आत्याबाई, माझ्या लग्नातलं हाय. मी देते."

ती आत गेली. भिंत धरून धरून. आतून मडकं घेऊन आली, चुन्याचे पट्टे पुसट झालेले, गेरू मात्र तसाच. त्यातली तूर तिनं सासूच्या सुपात ओतली, तांदळावरच, आणि मडकं माझ्यापुढं ठेवलं. अक्का सुपाकडं बघत राहिली. तांदूळ आणि तूर एक झाली होती.

"आता निवडत बस म्हातारे," अक्का स्वतःलाच म्हणाली. त्याचा अर्थ हो असा होता.

अटी तिनंच घातल्या. पांढरं कापड नाही, नवा खण. मडक्याला हळद-कुंकू. आणि सोडणारी सवाष्ण पाहिजे. ती स्वतः विधवा, मी विधवा, सुनेला विहिरीवर वाकू द्यायचं नाही. मी देगलूरच्या बाईला बोलावलं. तिनं कपाळावरचं कुंकू आणखी मोठं केलं, आणि हे काम मुकादमापेक्षा आपल्याला जास्त जमतं असं तोंड करून आली.

इन्स्पेक्टर तोवर बरा होऊन आला होता. त्यानं विहिरीवरचं हळद-कुंकू पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "मावशी, हे काय करून राहिल्या तुम्ही? आपण अंधश्रद्धा वाढवून राहिलो. आपल्या लोकांनी हे सोडलं ना?"

मी म्हटलं, "साहेब, आत पावडर बरोबर भरली का तेवढं बघा. बाकीचं बाई बाळंत झाली की कमी करू."

तो वाकला, खण बाजूला केला, खडे बघितले, वाळू बघितली, पुन्हा खण बांधला. गाठ नीट बसली नाही म्हणून अक्कानं त्याच्या हातावर चापट मारली आणि स्वतः बांधली.

मला ते हळद-कुंकू पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण दुपारी कप्पीचा आवाज ऐकू आला तेव्हा मी पलीकडच्या गल्लीत गटारावर उभी होते, आणि तो आवाज मला बरा वाटला. पहिली कळशी अक्कानं शेंदली. वास घेतला, जिभेवर घेतलं, आणि आत नेली. पोरीला ओकारी आली नाही.

मडक्यातली पावडर आठवड्यानं संपते, पुन्हा भरावी लागते. दुसऱ्या वेळेला शेजारची बाई तिच्या लग्नाचं मडकं घेऊन आली, अक्काच्याच सुनेचं का म्हणून. मग तिसरी. शेवटी पाळी लावून द्यावी लागली, नाहीतर मडक्यावरून भांडणं झाली असती. पलीकडच्या दोन विहिरींवरच्या बायांनी मला अडवून विचारलं, आम्हाला रंगीत मडकं का नाही, आम्ही पट्टी भरत नाही का. ज्यांची मडकी कधीच फुटली होती त्यांनी कुंभारणीकडून नवी रंगवून घेतली. कुंभारीण मला रस्त्यात भेटली की आता पदर सावरून हसायची. पण साहेबाची विचारपूस करताना अजून आवाज बारीक करायची.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून एकदा मोठे साहेब बघायला आले. विहिरीवर वाकून पाहिलं, दोरी वर ओढायला लावली. हळद-कुंकू लावलेलं, खण बांधलेलं मडकं पाण्यातून ठिबकत वर आलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"टीसीएल, सर," आमचा इन्स्पेक्टर म्हणाला.

"आणि कुंकू?"

"ते लोकवर्गणीतून, सर."

साहेबांनी मान हलवली आणि जीपमध्ये बसले. मी मागं उभी होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा पोरगा या खात्यात टिकेल. टिकलाही. पुढं नांदेडला बदली झाली तेव्हा जायच्या आधी माझ्याकडं जेवायला आला. वांगी केली नव्हती.

पोरीचे दिवस भरेपर्यंत मी रोज त्या गल्लीतून जायचे. काम नसलं तरी जायचे. अक्काला ते कळायचं. ती मला 'मुकादमीणबाई'च म्हणायची, पण आता पायरीवर पोतं टाकून ठेवायची. बसायला सांगायची नाही. पोतं असायचं. मी बसायचे. आम्ही दोघी गल्लीतल्या लोकांविषयी वाईट बोलायचो. तिला गल्लीतलं सगळं माहीत असायचं आणि मला सगळ्यांचा कचरा माहीत असायचा, त्यामुळं आमचं चांगलं जमायचं.

पाऊस अजून आला नव्हता. एक दिवस सकाळी लिंबाच्या झाडाखाली मी हजेरी घेत होते. सगळ्या बाया आपापले झाडू घेऊन उभ्या होत्या. बघते तर रस्त्यावरून अक्का येतेय, डोक्यावर पदर नाही, कडेवर पाण्यानं भरलेली कळशी, गुडघ्यानं लंगडत. ती कधी या बाजूला आली नव्हती. मी हाक मारत होते ते नाव अर्धंच राहिलं.

तिनं कळशी माझ्या नाकापुढं धरली.

"वास घे."

मी घेतला. नुसतं पाणी. कसलाही वास नाही.

"वास हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग पावडर संपलीय मडक्यातली. कालच भरायची होती ना?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, गल्लीच्या दोन्ही टोकांना जाईल असा. "पहाटं पोरगी बाळंत झाली. मुलगी हाय. दोघी चांगल्या हायत. नातीला पहिली अंघोळ घालायची हाय, आणि तू हितं हजेरी घेत बसलीस. वास आल्याबिगर मी एक थेंब घालणार न्हाई, सांगून ठिवते."

बाया हसायला लागल्या. देगलूरची तेलुगूत काहीतरी म्हणाली. मी हजेरी तशीच अर्धी सोडली. त्या दिवशी आमची पाळी दुसऱ्या वस्तीत होती, तिथली गटारं दुपारपर्यंत थांबली. पावडरची पिशवी मी काखोटीला मारली आणि अक्काच्या हातातली कळशी घेतली. ती देत नव्हती. मी ओढून घेतली. ती रस्ताभर मला बोलत होती, की मुकादम झाली म्हणजे वेळेचं भान राहत नाही, असली मुकादम काय कामाची.

मी ऐकत चालले होते. कळशीतलं पाणी हिंदकळत होतं. ते मी रस्त्यावर सांडू दिलं नाही.